कुर्डुवाडीचा बॅक का थांबला

दरवर्षी थंडीतल्या एका रविवारी आम्ही दुधनीजवळच्या शेतावर हुरडा खायला जातो आणि तिथे फुटबॉलचा एक सामना पुन्हा जिंकतो. सामना होऊन दहा वर्षं झाली. तो आम्ही कुर्डुवाडीत जाऊन, कुर्डुवाडीच्या संघाविरुद्ध, अगदी शेवटच्या क्षणी दोन–एकने जिंकला. त्यानंतर आमच्या कारखान्याच्या संघाने सांगण्यासारखं काही जिंकलेलं नाही, त्यामुळे तोच एक विजय पुरवून पुरवून वापरावा लागतो.

हुरड्याची तयारी माझ्याकडे असते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी पॅकिंग विभाग सांभाळते. दिवसभर मोजणं आणि लिहिणं हेच काम असल्यामुळे बाहेरच्या याद्याही आपोआप माझ्याकडे येतात. यादी ठरलेली आहे: शेंगाची चटणी, गूळ, दही, बोरं, पाण्याचे दोन कॅन, बसायला सेकंड मालातल्या, म्हणजे डागी, चादरी, हात पुसायला सेकंड मालातले टॉवेल. कणसं आणि गोवऱ्या शेतावरच असतात. शेत आमच्या सेंटर फॉरवर्डचं आहे. तो आमच्याच कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतो. सहा दिवस माग आणि रविवारी ज्वारी. विजयाचा गोल त्याने मारला होता, म्हणून हुरडाही त्याच्याच शेतात, असं कोणीतरी पहिल्या वर्षी ठरवलं. त्याने तेव्हा नाही म्हटलं नाही आणि नंतर म्हणायची वेळ निघून गेली.

सामना सांगायचं काम चाचांचं. आमचा माल वाहून नेणारा टेम्पो त्यांचा आहे. त्या दिवशी आम्हा चाळीस समर्थकांना त्यांनीच दोन खेपांत कुर्डुवाडीला पोचवलं होतं, आणि या नात्याने सामन्यावर आपला हक्क आहे असं ते समजतात. आगटी पेटली, पहिली कणसं भाजून निघाली, की चाचा हात झटकतात आणि सुरू करतात.

“तो क्या हुआ, एक–एक. मिंट उरला एक. रेफ्री घड्याळ बघायलाय. त्यांची पब्लिक हजार, आपली चाळीस. पण चाळीस टॉवेल, सगळे सफेद! हवेत असे फिरायलेत, लोकांना वाटलं बगळे उतरले.”

“हजार नव्हते, चाचा,” कोणीतरी म्हणतं.

“मोजायला तू गेला होतास का? नाही ना? मग कणीस सोल.”

हजार नव्हते. अडीचशेच्या आसपास असतील. आमच्या जॉबरला चेंडू मिळाला तो गोलपासून पंचवीस पावलांवर. चाचांच्या गोष्टीत पहिल्या वर्षी तो चाळीस पावलांवर होता आणि आता मैदानाच्या मधोमध गेला आहे. मी दुरुस्त करत नाही. एका वर्षी केलं होतं. तेव्हा लोक अर्ध्या तासात घरी जायला निघाले.

“समोर कोण? त्यांचा बॅक. पहाड! त्या दिवशी त्याच्या बाजूने कोण गेलं नव्हतं. आपल्या पठ्ठ्याने काय केलं? डावीकडे दाखवला, उजवीकडून काढला. आणि तो बॅक? जागेवर! खांबासारखा! डोळे फाडून बघत राहिला. धाड, गोल! आणि गोल झाला न झाला, रेफ्रीची शिट्टी. खतम.”

इथे सगळे जॉबरकडे बघतात. तो कणसं फिरवत असतो. मान वर न करता तो एकदा “व्हय” म्हणतो, आणि सामना संपतो.

दहा वर्षांत या गोष्टीत बऱ्याच गोष्टींची भर पडली. एक गोष्ट पहिल्यापासून नव्हती, आणि ती मी आत घातली नाही.

त्या मैदानाला कुंपण नव्हतं. फक्कीची पांढरी रेघ होती आणि रेघेला चिकटून माणसं उभी होती. दुसरा हाफ सुरू होताना रेफ्री आमच्याकडे आला. तुमची माणसं पुन्हा रेघेच्या आत आली तर सामना थांबवीन आणि कप त्यांना देऊन टाकीन, असं त्याने मला बजावलं. मलाच, कारण सामन्याची वही माझ्या हातात होती. म्हणून दुसरा हाफभर मी कुर्डुवाडीच्या गोलच्या शेजारी, रेघेबाहेर उभी राहिले. तिथून आमची चाळीसही माणसं समोर दिसत होती. मी सामना कमी आणि रेघ जास्त पाहिली.

चेंडू जॉबरच्या पायात आला तशी आमची सगळी रांग एकदम पुढे सरकली. मी ओरडले. चाळीस माणसांच्या ओरडण्यात माझं ओरडणं कुठे ऐकू जाणार? तेव्हा मी तेच केलं जे कारखान्यात करते. आमच्या पॅकिंग हॉलला लागूनच माग आहेत. त्या खडखडाटात हाका मारून उपयोग नसतो. मोजणीत फरक आला, गाठ, म्हणजे मालाचा गठ्ठा, बांधायची थांबवायची असली, की मी लाल टॉवेल डोक्यावर धरून जोरात हलवते आणि हॉलमधला प्रत्येक हात जागच्या जागी थांबतो. तो टॉवेल माझ्या बॅगेत असायचा, रविवारीही. मी तो काढला आणि हलवला.

आमच्या चाळीसपैकी एकही थांबला नाही. थांबला तो कुर्डुवाडीचा बॅक.

तो धावत आपल्या गोलकडे येत होता, म्हणजे माझ्याकडेच. माझ्या हातावर नजर गेली आणि तो उभा राहिला. दोन्ही पाय जुळवून, सरळ. जॉबर त्याच्या शेजारून निघून गेला, गोल झाला, शिट्टी झाली आणि आमची माणसं रेघ तुडवून आत घुसली. मी टॉवेलची घडी घातली आणि तो बॅगेत ठेवला. वस्तूचं काम झालं की ती जागेवर ठेवायची, ही सवय आहे. बॅक रेफ्रीकडे गेला आणि सांगू लागला की कोणीतरी लाल दाखवलं. रेफ्रीने चारी बाजूंना पाहिलं. चारी बाजूंना पांढरे टॉवेल होते. त्यांची स्वतःची माणसंही हसली.

मी पाच पावलांवर उभी होते. मी काही बोलले नाही.

घरी येऊन मी वहीत सामना लिहिला. संघ, वेळ, गोल कोणी मारले, निकाल. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तो मी कोरा ठेवला. थकलेला माणूस कुठेही थांबतो, असं मी स्वतःला सांगितलं. हे काही महिने पटलं. पुढे पटेना, पण तोवर हुरड्याची प्रथा पडली होती.

यंदाच्या हुरड्याला चाचांच्या केबिनमधून एक अनोळखी माणूस उतरला. उंच, रुंद खांद्यांचा, केस बरेचसे पांढरे. चाचा लग्नात नवरदेव आणावा तसे त्याला घेऊन आले.

“ताई, पाहुणा आणलाय. कुर्डुवाडीला माल टाकायला गेलो होतो, स्टेशनसमोर चहाच्या गाड्यावर सापडला. रेल्वेत आहे. ओळखलं का? तोच! बॅक! म्हटलं चल, यंदा सामना दोन्हीकडून ऐकू.”

मी ओळखलं होतं. तो उतरायच्या आधीच ओळखलं होतं.

जॉबर उठला आणि त्याने चादरीवर जागा करून दिली. “या पाहुणं. दहा वर्षांनी मागनं धरायला आलात व्हय?”

“न्हाय ओ,” तो माणूस म्हणाला, “आता गुडघं ऱ्हायलं न्हाईत.”

लोक खूश झाले. त्याला पहिली कणसं दिली, चटणी दिली, दही दिलं. मग चाचांनी त्याच्या तोंडावर अख्खा सामना सांगितला. काही कमी केलं नाही. पाहुण्याच्या मानासाठी बगळे जरा वाढवलेच. तो माणूस दाणे तोंडात टाकत शांतपणे ऐकत होता. खांबासारखा उभा, हे आलं तेव्हा त्याने मान हलवली.

“उभा व्हतो, ही खरंय.”

“बघा! खुद्द बोलला!”

“पण चकवलं म्हणून न्हाय. मला लाल दावलं व्हतं.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग जे हसू फुटलं ते शेजारच्या शेतातल्या माणसांनी काम थांबवून पाहण्याइतकं होतं.

“लाल! अरे भई, चाळीसच्या चाळीस सफेद होते!”

“मग पाहुण्याला साइडिंगला घ्यायचं होतं की!”

“सिग्नल मिळाला का आता? खा मग हुरडा.”

तो रागावला नाही. त्याला त्याची सवय असावी. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, “मी रेल्वेत पॉइंट्समन हाय, गाड्यांचं रूळ बदलतो. सव्वीस वर्षं झाली नोकरीला. यार्डात लाल दिसलं की पाय थांबत्यात, डोकं मागनं थांबतंय. झेंडी नसली आन् कुणी हातात घावल ती जोरात हलवलं, तरीबी थांबायचं. परीक्षेला असतंय ती. त्या दिशी गोलच्या बाजूला लाल हललं. मी थांबलो.”

“आणि ते कोणाला दिसलं नाही?” कोणीतरी विचारलं.

“न्हाय. म्हणून तर आलोय.” त्याने हातातलं कणीस खाली ठेवलं. “तुमी हसताय, ती ठीक हाय. आमच्याकडं हसत न्हाईत. माझी सासुरवाडी सोलापूर. जावयानं सासऱ्याला गोल आहेर केला, आसं म्हणत्यात. दहा वर्षं. पुन्हा मला संघात घेतलं न्हाय, ती सोडा, वय झालंच व्हतं. पण आता आमच्याकडं लहान पोरापोरींचा संघ काढायलेत. शिकवायला मानूस पायजे. माझ्याकडं शिकवायच्या शिबिराचं पत्र हाय, दोन महिन्यांनी नोकरीबी सुटती. दुसरं कुणी नावबी दिलं न्हाय. तरी समिती म्हणती, हुबा ऱ्हाणारा मानूस काय शिकवणार? येत्या रविवारी ठरवणार हाईत. तुमच्यातल्या एकानं जरी सांगितलं की लाल व्हतं...” तो थांबला. “मी हुरड्यासाठी आलो न्हाय.” मग, पाहुणा म्हणून तसं बोलणं बरं नव्हे असं वाटून असेल, “हुरडा चांगलाय,” असंही म्हणाला.

कोणी हसलं नाही. चाचांनी आगटीत उगाच एक गोवरी सारली.

मी मनात दोन बाजू मांडल्या. एका बाजूला आमचा गोल, जॉबरचं नाव, चाचांची गोष्ट, चाळीस माणसांचा वर्षातला एक रविवार. दुसऱ्या बाजूला एक माणूस, आणि त्याला मिळू शकेल असं एकच काम. पहिली बाजू लांब होती, पण तिच्यातलं काहीच खरं नव्हतं.

“लाल टॉवेल होता,” मी म्हणाले. “माझ्याकडे होता. मी हलवला.”

“ताई, नक्को,” चाचा म्हणाले. “ऐसा मजाक नक्को.”

मी गंमत करत नव्हते. रेफ्रीची ताकीद, रेघ, पॅकिंगची खूण, टॉवेल, घडी, बॅग असं सगळं मी क्रमाने सांगितलं. सांगायला दोन मिनिटं लागली. दहा वर्षं न सांगितलेली गोष्ट दोन मिनिटांची होती हे मला तेव्हाच कळलं. आमच्या चाळीसपैकी त्या दिवशी अकरा जण हुरड्याला हजर होते आणि त्या अकराही जणांनी मला कारखान्यात लाल टॉवेल हलवताना हजार वेळा पाहिलेलं होतं. त्यामुळे खोटं म्हणायची सोय कोणालाच नव्हती.

सगळ्यात जास्त चाचांना लागलं. “दस साल!” ते म्हणाले. “दस साल मी लोकांना काय सांगितलं मग? माझ्या जावयाला सांगितलं. टोल नाक्यावर सांगितलं. डावीकडे दाखवला, उजवीकडून काढला... तू बोल ना!” हे जॉबरला होतं. “दाखवला होतास ना डावीकडे?”

जॉबरने कणसं फिरवायची थांबवली. “दावनार व्हतो,” तो म्हणाला. “पाय उचललाबी व्हता. बगतो तर ह्ये हुबंच. मग मी शेजारनं गेलो.”

“म्हणजे तुला माहीत होतं?” चाचा म्हणाले.

“हुबा हाय ती दिसलं की. का हुबा हाय, ती कळलं न्हाय.”

“मग इतकी वर्षं बोलला नाहीस?” मी विचारलं.

“कुणी इचारलं न्हाय, अक्का. चाचा सांगायचे, मी व्हय म्हणायचो.” त्याने जरा विचार केला. “पहिल्या वर्सी वाटलं, सांगावं. पण चाचा लई रंगात आले व्हते.”

पाहुण्याला याच्याशी घेणंदेणं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

“ताई, मी तितं रेफ्रीम्होरं ओरडत व्हतो. तुमी कुटं व्हता?”

“तिथेच होते.”

“ऐकू आलं?”

“आलं.”

“मग?”

“मग काही नाही. बोलले नाही.”

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण ती मान ‘ठीक आहे’ म्हणणारी नव्हती, ‘ऐकलं’ म्हणणारी होती. ते बरोबरच होतं. आमच्याकडे गाठ चुकीची गेली तर ती परत आणून, उघडून, पुन्हा मोजावी लागते. नुसतं वाईट वाटून माल पुरा होत नाही. म्हणून मी वही काढली आणि विचारलं, “समिती कुठे बसते? किती वाजता?”

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं चाचांच्या टेम्पोतून कुर्डुवाडीला गेलो. जॉबरला मी बोलावलं नव्हतं, तो सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभा होता. चाचांना बोलवायचा प्रश्न नव्हता, टेम्पो त्यांचा होता. मोहोळ सोडल्यावर चाचा म्हणाले, “ताई, एक विचारू? तो टॉवेल गोष्टीत घातला, तर कुठे घालायचा?”

“जिथे होता तिथे.”

“मंजे शेवटी.” चाचांनी गियर बदलला.

मी सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं, मुद्दे एक ते नऊ, खाली माझी सही आणि साक्षीदार म्हणून जॉबरची. मैदानाला लागून पत्र्याची एक खोली आहे. तिथे पाच वयस्क माणसं लोखंडी खुर्च्यांवर बसली होती. आमचा बॅक, म्हणजे त्यांचा, दाराशी उभा होता. त्याला बस म्हटलं तरी तो बसला नाही. अध्यक्ष रेल्वेचे एक निवृत्त गार्ड होते, वय ऐंशीच्या घरात, चष्म्याला दोरी. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

“टॉवेल कुठल्या हातात होता?”

“उजव्या.”

“बाजूला धरलेला, का डोक्याच्या वर?”

“डोक्याच्या वर.”

“हळू हलवला, का जोरात?”

“जोरात.”

“किती वेळ?”

“गोल होईपर्यंत. पाच-सहा सेकंद.”

“आणि तुम्हाला थांबवायचं होतं कोणाला?”

“आमच्या लोकांना.”

“थांबले?”

“नाही.”

गार्डसाहेबांनी मान डोलावली. त्यांच्या शेजारी एक जुना खेळाडू होता, जाडजूड, तो मात्र पेटला. “मैदान म्हंजे काय यार्ड हाय का, साहेब? मैदानात शिट्टी ऐकायची! ह्यांनी लाल हलवलं, उद्या कुणी हिरवं हलवलं म्हंजे ह्यो काय पळत सुटणार?”

“हिरव्यावर पळायचं नसतंय,” दारातून बॅक म्हणाला. “हिरव्यावर बेतानं जायचं असतंय.”

“गप्प बस तू!”

“आन् त्यो गोल?” दुसऱ्या एकाने विचारलं. “त्यो गोल मग खोडा की! बाईच कबूल करायलेत!”

मी जॉबरकडे पाहिलं. निर्णय त्याचा होता. तो म्हणाला, “खोडा. माजं काय न्हाय. सामना एक–एक लिवा.”

चाचांच्या घशातून एक आवाज आला. मी म्हणाले की कपही परत आणून देऊ. हे मी कारखान्यात कोणालाच विचारलेलं नव्हतं. कप आमच्या टाइम ऑफिसच्या कपाटावर आहे आणि त्यात मापाच्या टेपा ठेवतात, हे मी सांगितलं नाही.

“कप घेऊन आम्ही काय करू?” गार्डसाहेब म्हणाले. “त्याच्यावर तुमचं नाव कोरलंय. ऱ्हाऊ द्या. शिट्टी मारून झालेला सामना पुन्हा उघडायची पद्धत नाही. आज विषय कपाचा नाही, माणसाचा आहे.”

मग मत घेतलं. दोन हात होय म्हणाले, दोन नाही. जाडजूड माणसाचा हात नाहीमध्ये सगळ्यात उंच होता. गार्डसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बॅक दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता.

“मी छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गेलो,” गार्डसाहेब म्हणाले. “पुढे काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही. लाल दिसल्यावर कोणीतरी थांबतो, एवढ्या भरवशावर गेलो. आता जो थांबला त्यालाच मी नापास करू? मला जमणार नाही.” मग बॅककडे वळून ते म्हणाले, “पुढच्या रविवारपासून ये. पोरांना मात्र नीट सांग, शिट्टी झाल्याशिवाय थांबायचं नाही.”

“व्हय साहेब.”

“आणि गोष्ट सांगत बसू नको. शिकव.”

जाडजूड माणूस पुटपुटत राहिला, पण नोंदवहीत त्याने स्वतःच ओळ लिहिली, कारण समितीत अक्षर त्याचंच चांगलं होतं.

बॅकने आम्हाला चहाला क्वार्टरवर नेलं. वाटेत दोन माणसं भेटली. दोघांनाही त्याने काही सांगितलं नाही. फाटकात त्याची बायको उभी होती. आम्हाला नमस्कार करायच्या आधी तिने त्याच्याकडे पाहिलं.

“झालं,” तो म्हणाला.

तिने चहा केला. चहा होईपर्यंत तो मला म्हणाला, आवाज खाली घेऊन, “हिनं दहा वर्षं म्हायेरी मुक्काम केला न्हाय. सकाळच्या गाडीनं जायचं, सांजच्या गाडीनं परत. दिवाळीलाबी. जास्त ऱ्हायलं की हिकडं लोक म्हणायचे, आहेर फेडून घ्यायला गेली.” मी वर पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. हे त्याने हुरड्याला सांगितलं नव्हतं. माझ्या कागदावरच्या नऊ मुद्द्यांत ते नव्हतं, आणि असतं तरी त्याची भरपाई कोणत्या खुर्चीवरचा माणूस करणार होता?

चहा झाला. आम्ही निघालो तशी ती आत गेली आणि एक मोठी बॅग घेऊन बाहेर आली. चेन नीट लावलेली, वर पाण्याची बाटली.

“तुम्ही सोलापूरलाच चालला न्हवं, ताई? मला येऊ द्या संगं.”

“ही कवा भरली?” नवऱ्याने विचारलं.

“गुरुवारी.”

“ठरलं तर आज!”

“ठरलं नसतं तरी गेले असते,” ती म्हणाली. “डब्यात दोन वेळचं करून ठेवलंय. पुढचं तुमचं तुमी बघा.”

“किती दिवस?”

“बघू की.”

जॉबर मागे रिकाम्या हौद्यात बसला. केबिनमध्ये चाचा, मध्ये ती आणि दाराशी मी, बॅग माझ्या पायाशी. ती रस्त्याकडे बघत होती. मोहोळला चहाला थांबलो तेव्हा ती गाड्यापासून जरा बाजूला गेली आणि तिने आईला फोन लावला. चाचा, जॉबर आणि मी ग्लास धरून उभे होतो. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी ऐकू येत होतं.

“हां, मीच. येतेय. जेवायला ठेव,” ती म्हणाली. “न्हाय, संध्याकाळच्या गाडीचं काय बघू नको. माझं अंथरूण काढून ठेव.”